पटाचं घड्याळ

डॉक्टर का व्हायचंय, असं मला हैदराबादेत मुलाखतीला विचारलं. टेबलामागे तिघे बसले होते, मधल्याच्या चष्म्याची एक काच तडकलेली होती. मी घोटून घोटून पाठ केलेल्या उर्दूत सांगितलं की आमच्या भागात दवाखाना नाही, गोरगरिबांची सेवा करायची आहे. तिघांनीही माना डोलावल्या. मी धादांत खोटं बोललो होतो. मला डॉक्टर व्हायचं होतं ते आमच्या गावच्या उकंडराव पाटलाला एक दिवस माझ्या दारात उभं करण्यासाठी. त्यानं हात जोडून म्हणावं, चल बाबा लवकर, आणि मी म्हणावं, आज नाही जमायचं, उद्या पट आहे.

पट म्हणजे शंकरपट, बैलांची शर्यत. उकंडरावाकडे लाल कंधारी बैलांची जोडी होती, पाखऱ्या आणि हरण्या. नांगराला ती कधी लागली नाही. सरकी आणि गूळ खायचा, वर्षातून तीन-चार पट पळायचे आणि एरवी पाटलाची दमणी ओढायची, एवढंच त्यांचं काम. दमणी म्हणजे पाटलाची बसायची हलकी गाडी, खाली गादी, वर छत. पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती.

माझी थोरली बहीण सखू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी तेव्हा मॅट्रिकला होतो आणि सुट्टीत घरी आलेलो. दोन दिवस ती अडली. सुईणीनं पहाटे हात टेकले, म्हणाली हिंगोलीला न्या, तिथं दवाखान्यात डॉक्टरीणबाई आहे. आमचं गाव कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, आत शेतात. तिथून हिंगोली सात कोस. वाशीमही जवळपास तेवढंच, पण ते हद्दीपलीकडे, इंग्रजांच्या मुलखात. नाक्यावरचे शिपाई गाडी उतरवून झडती घ्यायचे, तोवर बाई मरायची. म्हणून मी आणि संतरामकाका पाटलाकडे दमणी मागायला गेलो. पाटील ओट्यावर बसून बैलांच्या शिंगांना तेल लावत होता. त्यानं वर पाहिलंदेखील नाही.

"उद्या पट हाय," तो म्हणाला. "आज जुंपले तर बैलांचा दम तुटतो. तुमची गाडी हायच की."

आमची गाडी होती, आणि नांगराला जुंपून थकलेले दोन बैल होते. दिवस उगवताना निघालो. धक्का बसला की सखू ओरडायची, मग काका गाडी थांबवायचा. बाभळीच्या ओढ्यापर्यंत पोचलो तेव्हा दिवस डोक्यावर आला होता. तिथं ती गेली, आणि तिचं लेकरू तिच्या पोटातच राहिलं. तोवर ती शुद्धीवर होती. ओढ्याच्या अलीकडे तिनं मला विचारलं होतं, अजून किती राहिलं रे. मी म्हटलं होतं, आलंच की.

दुसऱ्या दिवशी पाखऱ्या-हरण्या पटात पहिले आले. हलग्या वाजत मिरवणूक आमच्या दारावरून गेली, दुसरा रस्ताच नव्हता म्हणे. बक्षीस म्हणून पाटलाला जेबी घड्याळ मिळालं. चांदीची साखळी, पांढरी तबकडी. त्या दिवसापासून ते त्याच्या बंडीवर लटकू लागलं आणि गावाला एक खेळ मिळाला. जो तो विचारायचा, पाटील, किती वाजले? पाटील सावकाश घड्याळ काढायचा, झाकण उघडायचा, डोळे बारीक करायचा आणि निकाल द्यावा तसा वेळ सांगायचा. आमच्या घरातून तीन वर्षांत त्याला कुणी वेळ विचारली नव्हती.

सखूचा विषय निघाला की तो म्हणायचा, माझी गाडी दिली असती तरी ती पोचली नसती. सात कोस का खेळ हाय? आन् बैल पळवले असते तर धक्क्यानं गाडीतच गेली असती, ते पाप माझ्यावर आलं असतं. गावानं हे ऐकलं आणि मान्य केलं. लोकांचं बरोबरच आहे म्हणा, पाटलाच्या ओट्यावर बसून पाटलाचा तंबाखू खाणाऱ्यानं दुसरं काय मान्य करावं? खरं सांगायचं तर कधी कधी मलाही वाटायचं, नसतीही पोचली. आणि असं वाटलं की मला स्वतःचीच चीड यायची.

तर मुलाखत देऊन मी ज्येष्ठात गावी आलो आणि वाट बघू लागलो. निकालाचा कागद टपालानं येणार होता. टपालाची थैली आमच्या गावी सोमवारी आणि गुरुवारी यायची आणि उतरायची कुठे, तर पाटलाच्या ओट्यावर. म्हणजे ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याच्याच हातून माझं नशीब येणार. मी त्या ओट्याची पायरी चढणार नव्हतो. काका जायचा, विचारून यायचा आणि लांबूनच मान हलवायचा.

वाट बघणं हे आजाऱ्यासारखं पडून राहणं असतं. आज बरं वाटतं, उद्या नको वाटतं. गाव मात्र मजा घेत होतं. कुणी गुडघा पुढे करायचं, डाक्टर, जरा बघा की. कुणी म्हैस आणून उभी करायचं. मी हसायचो आणि मनात यादी करायचो, कुणाला कडू औषध द्यायचं त्याची. पाटलाचं नाव सगळ्यांत वर. त्याला काय होईल याचाही मी विचार करून ठेवला होता. मुतखडा. फार दुखतं म्हणतात.

आई, म्हणजे चतुराबाई, यातलं काही बोलायची नाही. तिला माझी यादी ठाऊक होती की नाही कोण जाणे. एकदाच तिनं विचारलं, जागा भेटली न्हाई तर काय करशील? मी म्हटलं, मग त्याचे बैल मारीन. ती म्हणाली, "बैलांनी काय केलं तुजं?" आणि भाकरी थापत राहिली.

पस्तीस दिवस झाले, चाळीस झाले. या मधल्या काळात पाटील कंधारकडे नवा गोऱ्हा बघायला आठ दिवस निघून गेला. सोमवारी काका विचारायला गेला तर पाटलीणबाई, नर्मदाबाई, म्हणाली काहीच आलं नाही. गुरुवारीही तेच म्हणाली. मी मनातून धरून चाललो की बुडाली जागा. दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही.

शनिवारी सकाळी पाटील स्वतः आमच्या दारात आला. अंगावर पूजेचं सोवळं, वर घाईत चढवलेली बंडी, हातात लिफाफा. झालं होतं ते असं. कागद सोमवारीच आला होता. पण त्यावर मोठा सरकारी शिक्का, आणि पत्ता 'मार्फत पाटील' असा. नर्मदाबाईला वाचता येत नव्हतं. आमच्याकडे शिक्क्याचा कागद म्हणजे समन्स नाही तर जप्ती, आणि घरधनी गावाला गेला असताना असा कागद आला हे घरच्या बाईनं बाहेर सांगायचं नसतं. तिनं तो देव्हाऱ्यात देवाच्या टाकाखाली ठेवला आणि पाच दिवस त्याला हळद-कुंकू वाहिलं. पाटील आदल्या संध्याकाळी परतला, सकाळी पूजेला बसला आणि त्याला तो सापडला.

पाटलानं समन्स समजून लिफाफा आधीच फोडून वाचला होता. मी कागद बाहेर काढला. जागा मिळाली होती. आणि खाली लिहिलं होतं, सोमवारी दुपारी बाराच्या आत हजर व्हा, न झाल्यास जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात येईल. हिंगोलीहून दिवसाला एकच आगगाडी, सकाळी दहाची. पुढे पूर्णेला गाडी बदलायची. आजची चुकली तर उद्याची मला सोमवारी संध्याकाळी नेऊन सोडणार. चालत गेलो तर दुपार व्हायची, आमच्या बैलगाडीनं त्याहून उशीर.

पाटलानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "दमणी जुंपायला सांगून आलोय," तो म्हणाला. "कागद माझ्या घरात अडकला, तवा पोचवायचं काम माझं. चल."

"तुमच्या गाडीत मी बसायचा न्हाई," मी म्हणालो.

मला खरंच बसायचं नव्हतं. ज्या गाडीसाठी सखू मेली त्या गाडीत मी बूड टेकवून डॉक्टर व्हायला जायचं? आणि मग जन्मभर पाटलानं सांगायचं, पोराला मी पोचवलं? त्यापेक्षा जागा गेलेली बरी. पण जागा गेली की सूडही गेला. मी दारातच उभा राहिलो.

आई आतून आली. तिनं माझी पिशवी आधीच भरली होती. तिनं माझ्या तळहातावर दही घातलं आणि म्हणाली, "बस गाडीत." मी काही बोलणार तर तिनं असं पाहिलं की मी बसलो. मग तिनं रात्री लावलेलं दह्याचं गाडगं फडकं बांधून माझ्या मांडीवर दिलं. वर सायीची अख्खी पापडी होती. म्हणाली, "मांडीवरच धर. टेशनावर उतरल्याबिगर सोडू नको." आणि पदर सावरत ती पाटलाकडे वळली.

"पाटील," ती म्हणाली, "किती वाजले?"

पाटील चमकला. मग त्याचा चेहरा उजळला. तीन वर्षांचं भांडण मिटलं असंच त्याला वाटलं असणार. त्यानं घड्याळ काढलं, झाकण उघडलं, डोळे बारीक केले. "सात," तो म्हणाला. "बराबर सात." मला आईचा इतका राग आला की मी तिच्या पाया पडायचंही विसरलो.

पाटलानं गाडी स्वतः हाकली. बैल आता आठ वर्षांचे झाले होते, पहिली पळ राहिली नव्हती, तरी शेपटीला हात लागायचा अवकाश, ते दुडक्या चालीनं निघाले. गादीत बुडून बसलो होतो, धक्का असा लागत नव्हता. मी बोलत नव्हतो. पाटीलच बोलत होता, गोऱ्ह्याबद्दल, पावसाबद्दल, माझ्या जागेबद्दल. गावाचं नाव काढलंस, म्हणाला. मी मनात म्हटलं, थांब, तुझंही काढतो.

बाभळीचा ओढा आला तशी त्यानं नजर बैलांच्या पाठीवर लावली. पाऊस लांबला होता, पाणी नव्हतं, नुसती वाळू. बैल उतरून वर चढले आणि पाटलाच्या छातीवरचं घड्याळ माझ्या बाजूला झुललं. झाकण उघडंच राहिलं होतं. सव्वाआठ झाले होते, त्याहून थोडे अधिक. मी ते पाहिलं आणि मग मांडीवरच्या गाडग्याकडे पाहिलं. आईनं वेळ का विचारली ते मला तिथं, त्या वाळूत कळलं. मी गाडगं दोन्ही हातांनी धरलं आणि पुढचे अडीच कोस तसंच धरून बसलो.

हिंगोली स्टेशनाबाहेर गाडी थांबली. बैलांच्या अंगावर घाम होता, पण ते उभे होते, दम काही तुटला नव्हता. मी खाली उतरलो.

"पाटील," मी म्हणालो, "किती वाजले?"

त्यानं सवयीनं घड्याळ वर धरलं. "साडेनऊ," म्हणाला, आणि मग तबकडीकडे बघतच राहिला.

"सातला निघालो."

"व्हय."

"सखू उगवतीला निघाली. दिवस डोक्यावर येस्तोवर जिती होती."

पाटलानं ओठ पुसले. आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला. "बाईमाणूस गाडीत असल्यावर पळवता येत न्हाई, रामकिशन. धक्क्यानं ती..."

मी फडकं सोडून गाडगं त्याच्यापुढे धरलं. साय तशीच होती, कडेला नखाएवढी चीर गेली होती, बस. त्यानं त्या दह्याकडे किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग साखळीसकट घड्याळ काढून माझ्यापुढे केलं.

"हे तू ठेव," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या पाटील," मी म्हणालो. "तुमालाच लागंल."

मी फलाटावर जाऊन डब्यात बसलो. खिडकीतून तो दिसत होता, बैलांच्या मधे उभा. मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं, फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. गाडी सुटल्यावर मी सगळं दही खाल्लं आणि मग रडलो.

सोमवारी साडेदहाला मी कॉलेजात हजर झालो आणि यथावकाश डॉक्टरही झालो. पण पाटलाला दारात उभं करायची माझी हौस त्याच्या आधीच फिटली होती. पहिल्या वर्षीच दिवाळीच्या सुमारास काकानं मास्तरांकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं. हळदीचं पीक बरं आहे, गाय व्याली, वगैरे. आणि शेवटी असं की पाटील आता बंडीवर घड्याळ लावत नाही, बंद पडलं म्हणून सांगतो. तरी तुझी आई रोज सकाळी पाण्याला जाताना त्याच्या ओट्यासमोर थांबते, घागर खाली ठेवते आणि विचारते, पाटील, किती वाजले?