एक ग्लोव्ह, दोन विल्मर

मित्रांनो, माझ्या अवतारावर जाऊ नका. बोटांच्या शिवणी उसवल्यात, तळव्याचं चामडं काळं पडलंय, आणि अंगाला खोबरेल तेल नि घामाचा मिळून जो वास येतो तो आता काही जायचा नाही. मी एक जुना बेसबॉलचा ग्लोव्ह आहे. आमच्या बेटावरच्या कोन्सुएलो गावात साखर कारखान्याच्या चिमणीजवळ जे मैदान आहे, तिथेच माझा सगळा जन्म गेला.

नवा होतो तेव्हा मी भलताच ताठ होतो. समुद्रापलीकडे उत्तरेकडच्या श्रीमंत देशात जाऊन काही हंगाम खेळून परतलेल्या एका शेजाऱ्याने मला फाउस्तोला दिलं. फाउस्तो तेव्हा लहान होता. दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून त्याचाच ग्लोव्ह करायचा बिचारा. त्याने मला तेल चोळलं, पोटात चेंडू घालून दोरीने आवळलं आणि गादीखाली ठेवून वर झोपला. असं केलं की ग्लोव्ह नरमतो. मीही नरमलो.

फाउस्तोला आईबाप नव्हते. थोरल्या बहिणीने, मिरेयाने, त्याला वाढवलं. तिचा मुलगा विल्मर फाउस्तोपेक्षा तीनच वर्षांनी लहान. मामा-भाचे एका ताटात जेवायचे, एका खाटेवर झोपायचे आणि ग्लोव्हही दोघांत एकच, मी. म्हणून ते मुद्दाम विरुद्ध संघांत खेळायचे. डाव बदलला की एकाने मला गवतात टाकायचं, दुसऱ्याने उचलायचं. खरं सांगू? विल्मरचा हात जास्त मऊ होता. चेंडू आला की तो मला पुढे न ढकलता किंचित मागे घ्यायचा, मला लागायचंच नाही. पण ग्लोव्हला कोण विचारतो!

आमच्याकडे घरातून निघताना लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद मागायचा असतो, आणि तो मिळाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो. विल्मर रोज म्हणायचा, "मामा, आशीर्वाद!" तोंडात घास असला तरी फाउस्तो उत्तर द्यायचा, "देव तुझं भलं करो, पोरा."

उत्तरेकडच्या मोठ्या क्लबांना सोळा वर्षांची पोरं हवी असतात. नेमका त्याच वयात फाउस्तोचा खांदा दुखावला. पूर्वीसारखा चेंडू फेकता येईपर्यंत तो एकोणीस वर्षांचा झाला होता.

तेव्हा चागो आमच्या घरी आला. पोरं हेरायची, खाऊपिऊ घालून तयार करायची, क्लबला दाखवायची आणि करार झाला की आपला वाटा कापून घ्यायचा, हा चागोचा धंदा. पोरांना तो इंजेक्शनंही टोचायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "जीवनसत्त्वं आहेत, बाबा! घोड्याला चालतात, तुला काय धाड भरलीय?"

फाउस्तोला तो म्हणाला, "हात सोन्याचा आहे रे तुझा. पण एकोणीस म्हणजे पडलेला आंबा, कोण उचलणार? घरात सोळाचं कुणी आहे का?"

घरात विल्मर होता.

मिरेया आधी उसळली. "माझ्या लेकाचं नाव म्हणजे काय सदरा आहे, याने काढायला नि त्याने घालायला?" पण छप्पर गळत होतं, आणि फाउस्तो तिच्यासमोर लहान पोरासारखा रडला. शेवटी विल्मरच म्हणाला, "घेऊ दे गं आई. मला कोण विचारतंय?"

मग काय, मामा झाला विल्मर आणि भाचा झाला शेजारचा तितो. सगळ्या गल्लीला पढवलं. कोपऱ्यावर पुऱ्या तळणारी चेलाबाई तर फाउस्तोला बघून हाका मारायची, "या, सोळा वर्षांचे विल्मर! आज मिशी काढायची राहिली वाटतं!" लोक खो खो हसायचे.

विल्मरला मात्र हसू येत नव्हतं. आपलं नाव कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याची शाळा बंद झाली. खेळणंही संपलं, कारण एका नावाचा करार दोनदा कसा होणार? माझ्यापाशी यायचा, मला बघायचा आणि हात न लावता निघून जायचा. मला फार राग यायचा, मित्रांनो. पण राग आला तरी ग्लोव्ह करणार काय?

क्लबला फाउस्तो पसंत पडला. करारापूर्वी क्लबतर्फे वयाच्या चौकशीला सेपेदा नावाचे गृहस्थ आले. आपल्याच बेटावरचे, बोलायला गोड. गल्लीत ज्याला विचारलं त्याने पढवलेलंच सांगितलं. मग ते आमच्या अंगणात कॉफी प्यायला बसले. समोर फाउस्तो, हातात मी. उजव्या मुठीने तो मला सारखा ठोसे मारत होता. चागो पाहुणचारात बुडाला होता. "घ्या, साहेब, अजून थोडी घ्या!"

एवढ्यात बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. विल्मर पिशवी घेऊन आतून आला. किनाऱ्यावर हॉटेलं बांधतात, तिथे कामाला तो चालला होता. शाळा नाही, खेळ नाही, घरी बसून तरी काय करणार? उंबऱ्यापाशी तो थांबला आणि सवयीने बोलून गेला,

"मामा, आशीर्वाद."

सेपेदांनी कप खाली ठेवला. मिरेयाचा चेहरा पांढरा पडला. आपण काय बोललो ते कळताच विल्मर जागीच थिजला. चागो मात्र मोठ्याने हसला. "हा शेजारचा तितो! महाचेष्टेखोर पोरगं. बरोबरीच्या पोराला मामा म्हणतंय! पळ रे, ट्रक जाईल तुझा."

आणि सेपेदाही हसले! खरंच हसले. फाउस्तोने नुसतं गप्प बसायचं होतं. विल्मरने मान खाली घातली, पिशवी खांद्यावर टाकली आणि आशीर्वादाविनाच पाय उचलला.

फाउस्तोची बोटं माझ्या आत आवळली गेली. त्याने मला हातातून काढून मांडीवर ठेवलं.

"देव तुझं भलं करो, पोरा," तो म्हणाला. मग मोठ्याने, "विल्मर, परत ये. कुठेही जाऊ नकोस."

सेपेदांनी त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे तू कोण?"

"मी याचा मामा. फाउस्तो."

चागो ओरडला, "गाढवा! घास तोंडापाशी आला होता रे!" आणि तरातरा निघून गेला. काही दिवसांतच मैदानावर त्याच्याबरोबर दुसरा पोरगा दिसला. चागोला कुणी जाब विचारला नाही, क्लबलाही नाही. फाउस्तोवर बंदी आली. ती उठली तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि त्याला कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आता तो कारखान्यात साखरेची पोती उचलतो. छप्पर अजून गळतं.

विल्मर शाळेत जातो आणि संध्याकाळी मला घालून खेळतो. तो मोठा खेळाडू होईल का, मला माहीत नाही. तो सतरा वर्षांचा झाल्यावर चागो एकदा कुंपणाशी येऊन घुटमळला होता. फाउस्तो त्याला एवढंच म्हणाला, "नाव विल्मर, वय सतरा. घ्यायचं तर असंच घे." चागो पुन्हा आला नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे ग्लोव्ह असला, बॅट असली, तर त्यांची काळजी घ्या. मला अधूनमधून तेल मिळतं, माझ्या वाद्या फाउस्तोच ओवून देतो. पण त्याआधी घरातल्या माणसांकडे बघा. कुणी उंबऱ्यावर थांबून आशीर्वाद मागितला तर त्याला तसंच जाऊ देऊ नका. आमच्याकडे आजही संध्याकाळी विल्मर मला काखेत मारून दारात उभा राहतो. फाउस्तो थकून आलेला असतो, कधी कधी झोपलेला असतो. तो उत्तर देईपर्यंत आम्ही दोघं थांबतो.