किड्याचा पंचनामा

चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून केशवराव निवृत्त झाले, पण त्यांची पंचनाम्याची सवय काही निवृत्त झाली नाही. भोरच्या घरात नळ गळायला लागला तरी ते आधी तारीख, वेळ आणि हजर माणसं कागदावर उतरवत आणि मगच प्लंबरला फोन करत. तोवर मोरीत तळं साचलेलं असे. पद्मजाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "आमच्या लग्नाचा तेवढा करायचा राहिला."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने, शुभ्राने, वाढदिवसाला फ्लाय फिशिंगची काठी आणून दिली. गळाला गांडूळ लावून मासे धरणं अख्ख्या तालुक्याला येतं, पण हा प्रकार वेगळा. यात गळावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून नदीतल्या किड्यासारखा हुबेहूब खोटा किडा बांधायचा आणि तो माशाच्या पुढ्यात अलगद सोडायचा. म्हणजे आधी नदीत कोणते किडे आहेत ते ओळखायला हवं. हे ऐकल्यावर केशवराव हरखलेच. ओळख पटवायची, माप घ्यायचं, नोंद करायची! देवाने हा छंद मोजणीवाल्यांसाठीच काढला असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही.

दर रविवारी स्कूटर काढायची, कापूरहोळला चहा घ्यायचा आणि नसरापूरवरून विंझरला कानंदी नदीवर जायचं, असा त्यांचा नेम झाला. दगडाच्या पोटाला चिकटलेले किडे ते तिथल्या तिथे ब्रशने स्पिरिटच्या बाटलीत झाडत. बाटली घरी येई. मग जेवणाच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली, जवळचा चष्मा लावून पंचनामा. 'लांबी अकरा मिलिमीटर. देह चपटा. पाय सहा. शेपट्या तीन. रंग पांढुरका.' हे सगळं घरी करायचं कारण एवढंच, की पहिल्याच महिन्यात जवळचा एक चष्मा कानंदीने ठेवून घेतला होता, आणि दुसरा उंबऱ्याबाहेर न्यायला पद्मजाबाईंची सक्त मनाई होती.

पंच म्हणून सही रतनबाईंची. त्यांचं शेत नदीला लागूनच होतं. बचत गटात त्या सही शिकल्या होत्या आणि ती करायला मिळते याचाच त्यांना आनंद. आठवड्याभराने आलेल्या कागदावर त्या शांतपणे सही ठोकत. वर काय लिहिलंय ते त्यांनी कधी विचारलं नाही, आणि पंचाने विचारायचं असतं असं चौतीस वर्षांत केशवरावांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

असे त्र्याण्णव पंचनामे झाले. पांढरा दोरा गुंडाळून केशवरावांनी डबाभर देखणे किडे बांधले. मासा मात्र एकही लागला नाही.

इथवर ठीक होतं. पण दर रविवारी संध्याकाळी पुण्याहून शुभ्राचा फोन यायचा, "बाबा, लागला का?" दसऱ्याच्या सुमारास एकदा तिचा आवाज फार थकलेला वाटला. केशवरावांच्या तोंडून निघून गेलं, "लागला." तिकडे पोरगी अशी काही खुलली, की पुढच्या रविवारी त्यांनी आणखी एक सांगितला आणि त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. कुणाच्या भिडेखातर ज्यांनी कधी बांध इंचभरही सरकवला नाही, त्यांनी पोरीला तीन मासे खोटे सांगितले. त्यांना लाज वाटत होती, अगदी मनापासून. शुभ्राने ते तीन मासे आपल्या सगळ्या ऑफिसला सांगून टाकले होते. दिवाळी झाली आणि तिने जाहीर केलं, "या रविवारी मी दहा वाजता विंझरला येते. चौथा माझ्यासमोर धरायचा."

त्या रविवारी केशवराव सातलाच नदीवर हजर झाले. पाणी निवळशंख होतं. वीतभर लांबीच्या खवली जातीच्या मासोळ्या डोहाच्या तोंडाशी वळताना दिसत होत्या. केशवरावांनी किडा सोडला की एखादी पुढे यायची, बघायची आणि तोंड फिरवून निघून जायची. नऊ वाजेपर्यंत हेच चाललं होतं.

रतनबाई शेळी घेऊन आल्या आणि शेजारच्या दगडावर टेकल्या. "सायेब, आज तोंड का उतरलंय?"

केशवरावांना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. तीन खोटे मासे, दहा वाजता येणारी मुलगी, सगळं. रतनबाईंनी ऐकून घेतलं आणि दगडावर उघडा पडलेला डबा उचलला. दोन वर्षांत त्या डब्यात त्यांनी पहिल्यांदाच डोकावलं. त्यांनी कनवटीचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"ह्ये काय हाय?"

"हेच ते. दगडाखालचे किडे. तुमच्या सहीचे."

"न्हाई ओ. आमच्या नदीत असलं पांढरंफटक काय न्हाई. ह्ये मेल्यालं दिसतंय."

"स्पिरिटमध्ये मरतातच ते."

"मंग मेल्यालं मढं बघून म्या सही केली व्हय?" रतनबाई उठल्या, गुडघाभर पाण्यात शिरल्या, एक दगड उलटा केला आणि त्यावरचं काहीतरी चिमटीत धरून केशवरावांच्या ओल्या तळहातावर ठेवलं. मग आपला चष्मा उतरवून त्यांच्या नाकावर चढवला. "बगा."

चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, पण नंबर बरोबर जुळला. केशवरावांनी पाहिलं. तळहातावर शेवाळी रंगाचा, तपकिरी पट्ट्यांचा किडा होता. पोटाच्या दोन्ही बाजूंना त्याचे पिटुकले कल्ले लुकलुक हलत होते. तीन शेपट्या पसरून तो ठामपणे बसला होता. ज्याच्यावर त्यांनी त्र्याण्णव पंचनामे लिहिले, त्याला ते आज पहिल्यांदा भेटत होते. त्यांचा जीव नुसता हरखून गेला. आणि मग त्यांना हसू फुटलं, कारण नव्या पोरांना ते चौतीस वर्षं एकच गोष्ट दरडावून सांगत आले होते, की पंचनामा जागेवर बसून लिहायचा. ऑफिसात बसून लिहिला तर ती कादंबरी.

"रतनबाई, रंग स्पिरिटने नेला. मी दोन वर्षं कादंबरी लिहिली."

"आता रडत बसू नका. दुसरा बांदा."

बांधायला गळ होता, पण त्या रंगाचा दोरा कुठून आणायचा? रतनबाईंच्या अंगात थंडीचा जुना स्वेटर होता, धुऊन धुऊन नेमका शेवाळी झालेला, आणि त्याच्या बाहीची लोकर उसवलेलीच होती. त्यांनी हातभर ओढून तोडून दिली. तीन शेपट्यांसाठी शेळीच्या दाढीचे तीन केस घेतले. शेळीने हरकत नोंदवली, पण ती विचारात घेतली गेली नाही. केशवरावांनी किडा बांधायला घेतला. जिवंत किडा समोर ओल्या दगडावर बसून होता आणि ते दर वेढ्याला त्याच्याकडे पाहत होते.

शुभ्राची गाडी लागली तेव्हा शेवटची गाठ बसत होती. "बाबा, हा कुणाचा चष्मा?" तिने लांबूनच विचारलं.

"पंचांचा," केशवराव म्हणाले आणि पाण्याकडे वळले.

पहिल्यांदा दोरी झुडपात अडकली. दुसऱ्यांदा किडा फार पुढे पडला. तिसऱ्यांदा तो डोहाच्या तोंडाशी अलगद उतरला, प्रवाहाबरोबर हातभर वाहत गेला आणि काठी थरथरली. केशवरावांना क्षणभर कळेनाच, की हीच ती गोष्ट. मग काठी वाकली, रतनबाई "वडा, वडा" करत काठापर्यंत धावल्या, शुभ्रा चपलांसकट पाण्यात उतरली, आणि वीतभर लांबीची खवली ओल्या हातात आली. तिच्या ओठाच्या कडेला रतनबाईंचा स्वेटर लटकत होता.

केशवरावांनी तिला डोळे भरून पाहिलं, गळ सोडवला आणि पाण्यात हलकेच सोडून दिलं.

रतनबाई बघतच राहिल्या. "सोडली? दोन वर्सं काय मंग नुसतं भेटायला येत व्हता?"

"हो," केशवराव म्हणाले. त्यांना खरंच तसंच वाटत होतं.

मग त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि दगडावर मांडी घालून लिहायला बसले. तारीख लिहिली, वेळ लिहिली, जागा लिहिली. 'माशाचा अनुक्रमांक' या रकान्याशी आल्यावर मात्र पेन थांबलं. शुभ्रा खांद्यावरून वाचत होती. चार लिहिलं तर तिला काहीच कळणार नव्हतं. रतनबाई दूर शेळीकडे बघत होत्या, अगदी मुद्दाम. केशवरावांनी ठळक आकड्यात लिहिलं: १.

"एक?" शुभ्रा म्हणाली. "आणि ते तीन, बाबा?"

केशवरावांनी रतनबाईंचा चष्मा उतरवला. चष्म्याशिवाय समोरचा कागद त्यांना पुसट दिसत होता, पोरीचा चेहरा मात्र स्वच्छ. "ते तीन मी घरी बसून धरले होते," ते म्हणाले.

शुभ्रा हसायला लागली, आणि इतकी हसली की ओल्या दगडावर बसकण मारून तिला डोळे पुसावे लागले. तिने केशवरावांच्या हातातलं पेन घेतलं आणि पंचांच्या जागी सही केली.

रतनबाई मात्र सही करेनात. त्यांनी आपला चष्मा परत घेतला, नाकावर चढवला आणि कागद पुढे ओढला. "थांबा जरा," त्या म्हणाल्या. "आदी वाचून दावा. काय लिवलंय त्ये."

केशवरावांनी तो चष्मा पुन्हा मागून घेतला आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचून दाखवलं.

"किड्याचा रंग लिवला न्हाई," रतनबाई म्हणाल्या.

केशवरावांनी दगडावरच्या किड्याकडे एकदा पाहिलं, रंग लिहिला, आणि मग रतनबाईंनी सही केली.