वेळेतला फरक

मी डूख धरते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की यम्ना बिचारी भोळी होती. आमच्या सिग गावात माझ्याबद्दल बरंच बोललं गेलंय, पण भोळी असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

अकरा वर्षं मी बेनौदाच्या दुकानात मागे बसले. दुकान बाजाराच्या रस्त्यावर, जैतुनाच्या तेलघाण्यासमोर. पुढे काउंटरवर बेनौदा, केसांना कलप, हातात कायम कॉफीचा पेला. मागे निळा पडदा, आणि त्यामागे मी, एक टेबल, एक म्हातारा कॉम्प्युटर आणि गावभरचे डेमो. डिशची तार ज्याच्यात घुसते त्या डब्याला आमच्याकडे डेमो म्हणतात. हे डबे इतके स्वस्त की दोन-तीन महिन्यांनी त्यांच्यात नवी फाइल भरावी लागते, नाहीतर एकेक चॅनेल काळं पडत जातं. ती फाइल मी बनवायचे. कुठल्या उपग्रहावर काय हललं ते शोधायचं, चॅनेल ओळीने लावायचे, हाजी लोकांच्या डब्यात कुराण वर आणि त्यांच्या बायकांच्या डब्यात तुर्की मालिका वर. एका घरात दोन डबे असले की मला दोघांचीही गुपितं कळायची.

डबा सुरू केला की टीव्हीवर आधी दुकानाचं चित्र येतं. आमच्या फाइलीत बेनौदाचा फोटो यायचा आणि खाली अक्षरं, ‘बेनौदा, कारागिराचा हात’. हात माझा होता. मी बोलत नव्हते, कारण आमच्या गावात बाईला हे काम दुसऱ्या कुणी दिलं नसतं आणि मला दुसरं कुठलं काम आवडलं नसतं.

त्या हिवाळ्यात नवा माल आला. वरून जुन्यासारखाच, तेच बटण, तोच हिरवा दिवा, आतला बोर्ड मात्र वेगळा. डब्याच्या तळाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा शेवटचा आकडा पाहिला की कळतं. जुन्याची फाइल नव्यात घातली तर डबा जागच्या जागी मरतो. मी कॉम्प्युटरवर कागद डकवला होता, ठळक अक्षरांत, ‘तळाची चिठ्ठी वाचल्याशिवाय फाइल घालू नये’. एका सकाळी मला आईला मुआस्करला इस्पितळात न्यावं लागलं, आणि बेनौदाने स्वतःच्या हाताने नऊ डब्यांत फाइल घातली. नऊही मेले. त्यातला एक हाजी लारबींचा होता, धान्याचे व्यापारी, गावात ज्यांचा शब्द चालतो ते.

दुपारी मी परतले, सोल्डरगन तापवली, मेलेल्यांतला एखादा तरी जगतो का बघत होते. बाहेर गर्दी जमली. बेनौदाने पडदा बाजूला केला.

“ही बघा,” तो म्हणाला. “हिच्या हातात दिले आणि हिने मारले. बाईच्या हाती तारा देऊ नयेत हे मला कळायला हवं होतं. चूक माझीच आहे.”

‘चूक माझीच’ म्हणताना त्याने छातीवर हात ठेवला. लोक म्हणाले, काय मोठ्या मनाचा माणूस. अकरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते असं. मी सोल्डरगन बंद केली, पिशवी उचलली आणि त्यांच्यामधून वाट काढत घरी आले. तो कागद तिथेच राहिला.

घरी काम सुरू करायचा प्रयत्न केला, पण कोण देतंय डबा? हमामात, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, पाय ठेवला की एक तरी बाई म्हणायची, “यम्ना आली गं, डेमो झाका,” आणि सगळा हमाम हसायचा. माझ्याकडे हातात घेण्यासारखी एकच गोष्ट होती, माझं काम, आणि तिचं नाव गेलं होतं. मला ते परत हवं होतं. बेनौदाच्याच तोंडून, त्याच गर्दीसमोर.

फक्त हलूमा मावशी डबा देत राहिल्या. शेजारच्या. सत्तरी ओलांडलेल्या, आमच्या गल्लीत रमजानच्या रोजांच्या बाबतीत त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. बाळंतपणात सुटलेले रोजेसुद्धा त्यांनी नंतर एकेक करून फेडले होते. मला म्हणायच्या, “तू मारलास तर मारलास, मी भिंतीकडे बघत बसेन, भिंतीवर तरी बातम्या नसतात.”

आता एक गोष्ट बेनौदाला माहीत नव्हती. इंटरनेटवर डेमोवाल्यांचा एक अड्डा आहे, तिथे सगळे आपापल्या फाइली टाकतात. मी तिथे जुनी. नाव ‘जैतून २९’, एकोणतीस हा आमच्या प्रांताचा आकडा. सगळे मला पुरुष समजून ‘भाऊ जैतून, तुझा हात सलामत राहो’ असं लिहायचे. मे महिन्यात मी हलूमा मावशींच्या थोरल्या मुलाकडे काही पोचवायला गेले होते. टीव्ही लावला, बेनौदाचा फोटो आला, आणि मग यादी. यादीत एकोणतीस नंबर रिकामा होता. तो रिकामा फक्त मी ठेवते, माझी खूण म्हणून. म्हणजे मला हाकलून देऊन हा माणूस अजून माझंच खात होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मी तिथे त्या बिऱ्हाडात एकटीच हसत बसले. सुनेला वाटलं हिचं डोकं फिरलं.

रमजानात डेमोला एक काम जास्त असतं. सरकारी टीव्हीवर मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडायची, अजान राजधानीच्या वेळेने होते, आणि आधी निवेदक सांगतो, ‘राजधानीबाहेर राहणाऱ्यांनी वेळेतला फरक लक्षात घ्यावा.’ हे वाक्य आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो आणि कुणीही ऐकत नाही. सिग पश्चिमेला. आमचा सूर्य तेरा मिनिटं उशिरा बुडतो. पण डेमोला गाव बरोबर सांगितलं की तो स्वतःच त्या गावाच्या वेळेला अजान देतो. माझ्या फाइलीत गाव नेहमी सिग असायचं. त्यामुळे लोकांनी घड्याळाकडे बघणंच सोडलं होतं.

त्या वर्षी जून अखेरीस रमजान लागत होता, आणि त्यातच फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये आमचा संघ बाद फेरीत गेला. गावाला वेड लागलं. प्रत्येकाला नवी फाइल हवी, आजच हवी. बेनौदाच्या दुकानाची रांग तेलघाण्यापर्यंत गेली, आणि त्याच्याकडे फाइल नव्हती. अड्ड्यावर तो ‘उस्ताद सिग’ नावाने असायचा. दुपारपासून लिहीत होता, भाऊ जैतून, लवकर टाक, लोक डोक्यावर बसलेत, तुझे उपकार विसरणार नाही. मी त्याला संध्याकाळपर्यंत तिष्ठत ठेवलं. प्रत्येक विनवणी दोनदा वाचली. चहात साखर घातली नाही तरी चालेल इतकं गोड वाटत होतं.

मग फाइल टाकली. गाव निवडलं राजधानी. आणि फाइलीच्या वर, मोठ्या अक्षरांत, निवेदकाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, ‘राजधानीबाहेर राहणाऱ्यांनी वेळेतला फरक लक्षात घ्यावा.’ काही लपवलं नाही. जो वाचेल तो गाव बदलेल, चार बटणांचं काम. बेनौदा वाचणार नाही हे मला माहीत होतं.

रमजानला दोन दिवस होते. दोन दिवसांत मी कधीही दुकानात जाऊन सांगू शकले असते. गेले नाही. हलूमा मावशींच्या डब्यात मात्र मी स्वतः सिग घातलं, आणि माझं मन स्वच्छ झालं असं समजले.

पहिल्या रोजाला दक्षिणेकडून धुळीची हवा सुटली. सकाळपासून सूर्य दिसला नव्हता, सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. संध्याकाळी मी गच्चीवर गेले, हातात एक खजूर. मगरीबच्या आधी गाव कसं चिडीचूप होतं ते आम्हाला ठाऊक आहे. आठ तेराला पहिल्या घरातून डेमोची अजान झाली. मग दुसऱ्या, मग पलीकडच्या गल्लीत, मग बाजाराकडे. मागोमाग हरीरा सुपाच्या वाट्यांवर चमचे वाजायला लागले. सोळा तास पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस खिडकी उघडून आभाळ बघत नाही. मी खजूर हातात धरून उभी होते आणि मला आनंद होत होता. खोटं का सांगू, आईच्या पोटातून आल्यापासून इतका आनंद झाला नव्हता.

आठ सव्वीसला मशिदीची अजान झाली. सगळे चमचे थांबले. मी खजूर खाल्ला.

सकाळी दुकानासमोर अर्धं गाव उभं होतं, बगलेत डबे. वेळेआधी सुटलेला रोजा मोडलेला, तो पुन्हा धरावा लागतो, आणि तेही वर्ल्ड कपच्या उन्हाळ्यात. पुढे हाजी लारबी. बेनौदा म्हणत होता की ही यम्नाची जुनी घाण आहे, कॉम्प्युटरमध्ये राहिली असेल. हाजी म्हणाले, ती जाऊन सहा महिने झाले, फाइल तीन दिवसांपूर्वीची आहे. मी गर्दीतून पुढे आले. या वेळी लोकांनी वाट दिली.

“बेनौदा भाऊ,” मी म्हटलं, “फाइल तुम्ही बनवलीत का?”

हो म्हणावं तर गावाचे रोजे त्याच्या मानेवर. त्याने कपाळ पुसलं.

“नाही. इंटरनेटवरून घेतो. जैतून म्हणून कुणी आहे, त्याची.”

“त्यावर काही लिहिलं होतं?”

“काहीच नव्हतं.”

मी फोनवर ते पान उघडून हाजींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि निवेदकाचं वाक्य मोठ्याने वाचलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. हाजींनी विचारलं, हा जैतून कोण. मी म्हटलं, मी.

“मग सिगचं का नाही टाकलंस, मुली?”

“राजधानीचं टाकलं आणि तसं वर लिहिलं, हाजी. मी आता कुणाच्या दुकानात नोकरीला नाही.” मग मी बेनौदाकडे वळले. “आणि ते हिवाळ्यातले नऊ डबे? तळाची चिठ्ठी वाचली होती?”

हाजी लारबींनी स्वतः आत जाऊन निळा पडदा सरकवला. कॉम्प्युटरवर माझा कागद अजून चिकटलेला होता. त्यांनी तो वाचला, बेनौदाकडे पाहिलं.

“नाही वाचली,” बेनौदा म्हणाला. “मीच फाइली घातल्या. ती नव्हतीच त्या दिवशी.”

एवढंच मला हवं होतं. ते मिळालं, त्याच गर्दीसमोर.

लोकांनी माझं टेबल रस्त्यावर आणून ठेवलं. दुपारपर्यंत मी डबे दुरुस्त केले, प्रत्येकाचा तळ वाचून, प्रत्येकात सिग घालून. सुरुवातीच्या चित्रात फोटो नाही, नुसतं ‘यम्ना, सिग’. ज्या बायका हमामात हसायच्या त्यांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली.

सगळ्यात शेवटी हलूमा मावशी आल्या. हातात डबा नव्हता. त्या माझ्यासमोर स्टुलावर बसल्या.

“काल मी थोरल्याकडे होते,” त्या म्हणाल्या.

पहिला इफ्तार थोरल्या मुलाकडे. आमच्याकडे प्रत्येक घरात हेच असतं, लहानपणापासून मी हेच बघत आलेय. मी सगळ्या गावाचा हिशेब केला होता आणि हे विसरले होते.

“ताक पिऊन झालं होतं,” त्या म्हणाल्या. “मग मशीद बोलली. चौदाव्या वर्षापासून असं कधी झालं नव्हतं. तुला माहीत होतं का गं?”

माझा रोजा होता. “होय, मावशी.”

त्यांनी मान हलवली, स्टुलाला हात टेकून उठल्या आणि घरी गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बेनौदा आता त्याच दुकानात फोनची कव्हरं विकतो. मागचा अर्धा भाग माझा आहे, पडदा काढून टाकलाय. मी सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरते, त्या संध्याकाळी गच्चीवरून ऐकलेल्या प्रत्येक घरासाठी एकेक. इमाम म्हणाले, जिवंत माणसाचा रोजा दुसऱ्याला फेडता येत नाही. मला ठाऊक आहे. तरी धरते. गावाला वाटतं मी फार धार्मिक झालेय.

हलूमा मावशी डबा अजून माझ्याकडेच देतात. दर वेळी एकच विचारतात, पुन्हा तशी वेळ आली तर करशील का. आणि नेमक्या गुरुवारी येतात, मुद्दाम. रोजात खोटं बोलायचं नसतं. मी डबा उलटा करते आणि तळाची चिठ्ठी वाचत बसते.