प्राचीची गोधडी

"माज्या पोरीची गोधरी मशीनवर? त्यापेक्षा गोनपाट दे तिला पांघराला!"

जाईबाईचा आवाज निम्म्या आळीनं ऐकला. उरलेली निम्मी आळी कुंपणाशी येऊन उभी राहिली. त्यात मीही होते.

डोंबिवलीच्या केमिकल कंपन्या संपतात तिथं आमचं गाव सुरू होतं. भात झोडून झालेलं, हवेत पेंढ्याचा आणि कंपनीचा असे दोन्ही वास. जाईबाईच्या प्राचीचं लग्न दहा दिवसांवर आलेलं. लेकीला आईच्या हातची गोधडी द्यायची, ही आमच्याकडची रीत. आणि नेमकं त्याच आठवड्यात खाडीतल्या चिंबोरीनं जाईबाईचा अंगठा नांगीत धरला. अंगठा वांग्याएवढा झाला. सुई राहू द्या, तंबाखूसुद्धा मळता येईना. खरा राग त्याचाच होता.

"आई, मी शिवते," दर्शनानं हेका सोडला नाही. ही जाईबाईची सून, कल्याणची. गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची, पण गोधडी कधी शिवलेली नव्हती. तिनं जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवले, कोपरा मशीनखाली सारला आणि सुटली.

तिसऱ्या ओळीला खालचं कापड एकीकडं, वरचं दुसरीकडं. पलीकडच्या टोकाला म्हशीच्या पोटासारखा फुगा. दर्शना बघायला उठली, तर गोधडी तिच्यामागून चालू लागली. ओढणीचं टोकही शिवलं गेलेलं!

जाईबाई हसता हसता ओटीवरून घसरली. "अगो, गोधरीसंगं तुलाबी दिऊ का प्राचीच्या सासरी?"

दर्शनानं कचकन ओढणी कापली. जेवली नाही. एकेक टाका उसवत बसली.

"वहिनी, असू दे गं, मला चालेल अशी," प्राची म्हणाली.

"तुला चालेल. मला नाय चालत."

जाईबाई तासभर ओटीवरून तिचं उसवणं बघत होती. मग राहवेना.

"काठापासून कोन सुरू करतं गो? मधून कर. फुगा काठानं निंगून जाईल. आन् आधी टाचलं का नाय?"

"मशीनला कशाला टाचायचं?"

"मशीनला अक्कल असते का? आपल्याला असावी."

शेणानं सारवलेल्या खळ्यावर खालचं कापड ताणून पसरलं. चार कोपऱ्यांवर चार दगड हवे होते, तीनच मिळाले. चौथ्यावर जाईबाईनं नवऱ्याला, देवरामला बसवलं.

"हलायचं नाय."

"बिडी तरी वढू?"

"गोधरी जाळशील, मेल्या!"

सासू बोटानं दाखवायची, सून हात हात लांब कच्चे टाके घालायची. खडूनं सरळ रेघा मारल्या. दर्शनानं सोळा नंबरची जाड सुई लावली, टाका मोठा केला, अर्धी गोधडी वळकटी करून मशीनच्या आतल्या बाजूला घेतली. मधली रेघ आधी. मग एक डावीकडं, एक उजवीकडं. प्राची मागून वजन उचलून धरायची, म्हणजे सुईला ओढ बसत नव्हती.

"सावकाश. रिक्षा नाय हाकत तू," जाईबाई.

"मग तुम्ही बसा ना मशीनवर!"

"पाय पुरत नाय माजं."

दोघी चार दिवस अशाच भांडल्या. पाचव्या दिवशी कच्चे टाके काढले आणि गोधडी खळ्यावर झटकली. कुठं चुणी नाही. जाईबाईनं उलटून, सुलटून बघितलं आणि "बरी हाय," म्हणून आत गेली. देवराम म्हणाला, "माज्या लग्नातबी मना येवढंच बोलली व्हती."

लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाच्या आत्यानं सगळ्यांसमोर गोधडी उलटी केली, टाक्यांवरून नख फिरवलं.

"ही तं मशीनची दिसतेय."

मांडवातल्या बायका गोधडीभोवती गोळा झाल्या. पंगतीत बसलेल्या दर्शनाचा घास तोंडातच राहिला.

"मशीनचीच हाय," जाईबाई म्हणाली. "माज्या सुनेनी केलेय. तुमच्यात येते का कोनाला?"

आत्या गोधडीची घडी घालायला लागली.

अकरा वर्षांत जाईबाईच्या तोंडून 'माजी सून' हे शब्द शिवीशिवाय पहिल्यांदाच निघाले होते. दर्शनाला असा ठसका लागला की पाणी द्यायला मलाच धावावं लागलं.