सीट किती मागे

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा तो तिच्या रेसिंगच्या सीटपासून टेबलापर्यंत टेप धरून बसला होता. गेममध्ये गाडी पळवायला तिला कॉम्प्युटरच्या एका पडद्याऐवजी तीन हवे होते. “मी घरी येईपर्यंत माप घेऊन ठेवा,” असं बजावून ती दवाखान्यात गेली होती.

तेरावं उरकल्यावर पडद्यांच्या दुकानदाराचा फोन आला. “काका, सत्तावीस इंची की बत्तीस? आज सांगा, नाहीतर तिन्ही दुसऱ्याला जातील.”

“बत्तीसच घ्या, बाबा,” लेक म्हणाली. गेममधली गाडी आता तीच चालवणार होती.

“इतक्या जवळून बत्तीसवर ठिपके दिसतील. ठिपके बारीक करायला रिझोल्यूशन वाढवलं, तर तीन पडदे चालवताना कॉम्प्युटर धापा टाकेल.”

“मग सीट मागे घ्या ना! नाहीतरी माझे गुडघे स्टिअरिंगला आपटतात. आईएवढी बुटकी आहे का मी?”

बायकोचे पाय पेडलला पोचावेत म्हणून त्यानेच सीट पुढे ओढून बोल्ट आवळले होते. त्याने पाना लावला आणि तसाच काढून घेतला.

“दुकानदाराला जरा थांबायला सांग.”

दुकानदार थांबला नाही. पडदे घ्यायचे राहिले आहेत आणि सीटही अजून मागे घ्यायची राहिली आहे.