धाकट्याचे निरोप

मी एंडपॉइंट बोलतोय. नाव परकं वाटेल, पण दचकू नका, माणूस साधा आहे. म्हणजे माणूसही नाहीच म्हणा. निरोप जिथे येऊन पोचतो, त्या टोकाला एंडपॉइंट म्हणतात. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंगरूप नाही. एक नंबर आणि एक कान, एवढाच माझा संसार.

अंडी उबवायचं एक यंत्र हे माझं घर. पुरुषभर उंचीचं कपाट म्हणा ना. त्यात दोन प्रोसेसर, म्हणजे दोन मेंदू. थोरला बाहेरचं बघतो. पडदा उजळायचा, आकडे दाखवायचे, काही बिनसलं तर घंटा वाजवायची. ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळा पसारा त्याच्याच डोक्यावर. धाकटा अंड्यांकडे बघतो. त्याला ना पडदा, ना घंटा. तो ऊब मोजतो, हीटर लावतो, बंद करतो आणि दर दोन सेकंदांनी थोरल्याला कळवतो, ‘सदतीस पूर्णांक पाच’. दोघं एकाच डबीत, बोटभर अंतरावर, पण एकमेकांशी थेट बोलायची सोय नाही. मध्ये सामाईक मेमरीचा एक कोनाडा आहे. धाकटा तिथे चिठ्ठी ठेवतो, वर माझा नंबर घालतो, आणि मी ती उचलून थोरल्याच्या पुढ्यात टाकतो.

मला जन्म दिला एका मुलीने. ड्रायव्हर लिहिणं हे तिचं काम. गाडीवरचा ड्रायव्हर नव्हे हो! यंत्राचं बोलणं ऑपरेटिंग सिस्टिमला समजावून देणाऱ्या प्रोग्रामलाही ड्रायव्हरच म्हणतात. चष्म्याची भिंगं ही एवढी जाड, म्हणून कारखान्यात तिला सगळे ढापणी म्हणायचे, आणि तीही खुशाल ओ द्यायची.

जन्माच्या दिवशीच आमची फजिती झाली. सकाळपासून धाकट्याचा हूं नाही की चूं नाही. शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करणारे काका मान वर करून म्हणाले, “काय गं ढापणे, भांडलेल्या नवरा-बायकोसारखे बसलेत की दोघं. आधी कोणी बोलायचं यांच्यात?”

“तेच बघतेय, काका. तारा ठीक, कोनाडा ठीक...” आणि तिने कपाळावर हात मारला. “अगं बाई, याचा नंबर त्याला कोणी सांगितलाच नाही!”

खरंच होतं ते. धाकट्याला माझा नंबर मुळात ठाऊक नसतो. आधी मी हाक मारायची. हाकेवरचा नंबर त्याने ध्यानात ठेवायचा आणि मग कायम त्याच नंबरावर निरोप धाडायचे, अशी आमच्यातली रीत. ढापणीने लिहिलं, की यंत्र सुरू झालं रे झालं की याने एकदा हाक मारावी. मी मारली. आणि आला हो त्याचा पहिला निरोप! माझा नंबर होता एक हजार चोवीस. तो कोणाच्या तरी लक्षात राहिला होता. याहून मोठं सुख मला ठाऊक नाही.

मग यंत्र गेलं ढापणीच्या मावशीकडे. या मावशीनेच तिला लहानाची मोठी केलेली. पत्र्याची लांब शेड, एका अंगाला कोंबड्या, दुसऱ्या अंगाला उबवणीची खोली. जुन्या यंत्रापाशी मावशीची वीस वर्षं गेली. अंडी ठेवली की एकवीस दिवस ती शेड सोडून कुठे म्हणून जायची नाही.

“आता तरी जरा पाय मोकळे कर, मावशी,” ढापणी म्हणाली. “हे सगळं बघेल.”

“शिकलेलं असेल बाई तुझं यंत्र,” मावशी म्हणाली, “पण त्याला कधी पिल्लं झालीयेत का?”

तरी तिने भाचीच्या शब्दावर सहाशे अंडी त्याच्या हवाली केली. सहाशे जीव! मी डोळ्यात तेल घालून बसलो. डोळे नाहीत, ते सोडा. दोन सेकंद तुम्हाला चिमूटभर वाटत असतील. मला विचारा. एक निरोप दिला की दुसरा येईपर्यंत माझा जीव टांगणीला. त्याचं ‘पूर्णांक पाच’ आलं की मला हायसं वाटायचं, सहा आलं की काळजी, पुन्हा पाच आलं की वाटायचं, बाबा, आता असाच बोलत राहा.

अठराव्या दिवशी सकाळी मावशीने ओलं फडकं घेऊन यंत्र पुसलं. तिला कशावर धूळ खपायची नाही. फडक्याचा दाब पडद्याच्या कोपऱ्यावर पडला आणि पडद्यावरचा प्रोग्राम मिटला. ढापणीने माझी गाठ त्या प्रोग्रामशी मारून ठेवलेली. तो मिटला की मीही मिटायचं. मी मिटलो. “मेलं, काय दाबलं गेलं!” असं म्हणत मावशीने पुन्हा बोट लावलं, प्रोग्राम उघडला आणि मीही पुन्हा जन्मलो. पण नंबर नवा, एक हजार पंचवीस. हाक मारायची ती फक्त यंत्र सुरू होताना, आणि यंत्र तर सुरूच होतं. तेव्हा मी हाक न मारता नुसता कान टवकारून बसलो. धाकटा बिचारा जुन्याच नंबरावर बोलत राहिला.

नेमका त्याच सकाळी हीटरचा रिले चिकटला. रिले म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा चिमुकला खटका. धाकटा ‘तोड, तोड’ म्हणत होता, पण तो तुटेना. ऊब चढायला लागली. धाकट्याच्या हातात काय? सांगणं. त्याने ते केलं. चिठ्ठीमागून चिठ्ठी कोनाड्यात ठेवली. पण ज्या नंबराला कोणी वाली नाही, त्याची चिठ्ठी ऑपरेटिंग सिस्टिम फेकून देते आणि आपल्या नोंदवहीत एक ओळ लिहिते: ‘या नंबरावर कोणी नाही.’ मी अगदी शेजारच्या नंबरावर होतो हो. मला काही म्हणता काही कळलं नाही.

आणि पडदा? पडद्यावर सकाळचाच आकडा, सदतीस पूर्णांक पाच. उघडताना पडदा रिकामा दिसू नये म्हणून शेवटचा आकडा दाखवायची हौस ढापणीचीच.

दुपारी मावशीने कपाटाचं दार उघडलं, एक अंडं उचललं आणि मिटल्या पापणीला लावलं. उबवणीवाल्यांची ही जुनी सवय. तळहाताला जे कळत नाही ते पापणीला कळतं.

“थापाड्या!” ती पडद्यावर ओरडली. हीटरची पिन उपटली, दार सताड उघडं टाकलं आणि भाचीला फोन लावला.

“मावशी, पडद्यावर किती दिसतंय?”

“पडद्यावर सगळे सुखात आहेत. पापणीला भाजतंय. कोणाचं ऐकू, सांग.”

“पापणीचं ऐक. मी निघालेच.”

ती तासाभरात आली. तोवर मावशी अंडं पापणीला लावत होती आणि पिन लावत-काढत होती. ढापणीने लॅपटॉप जोडला, नोंदवही उघडली. या नंबरावर कोणी नाही. या नंबरावर कोणी नाही. सात हजारांच्या वर ओळी. ती खाली खाली जात राहिली आणि मग तिने चष्मा काढून ठेवला.

“काय झालं गं?”

“तो सांगत होता, मावशी. सकाळपासून सांगत होता. ऐकणाऱ्याला मीच उठवून लावलं.”

“रडायचं ते नंतर रड. अंडी गार होतील.”

ढापणीने डोळे पुसले आणि माझ्या नव्या नंबरावरून हाताने हाक टाइप केली. दोन सेकंदांत धाकटा बोलला. सदतीस पूर्णांक शून्य. ना रुसवा, ना फुगवा, कुठे होतास हेही विचारलं नाही. आपला आकडा सांगितला आणि पुढच्या चिठ्ठीला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवा रिले बसला. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली, सहाशेतली चारशे अकरा. उरलेल्या अंड्यांची बादली मावशीने ढापणीला उचलू दिली नाही, स्वतः नेली. परत येऊन हात धूत म्हणाली, “यंत्र राहू दे इथे. चांगलं आहे. पण मीही इथेच बसणार.” मावशी रागावली असती तर ढापणीला सोपं गेलं असतं.

आता कपाट धुऊन-पुसून रिकामं केलंय. ढापणी समोर स्टुलावर बसलीय, मांडीवर लॅपटॉप. तिने ड्रायव्हर नव्याने लिहिलाय. त्यातला एंडपॉइंट पडद्याबरोबर मिटणार नाही. त्याचा नंबर कायमचा ठरलेला. आणि त्याला कधी मिटायचंच झालं, तर आधी धाकट्याला कळवलं जाईल. चांगलं केलं पोरीने. त्यात माझी जागा नाही, तेही बरोबरच.

मला खंत एकच. त्या सात हजार चिठ्ठ्यांत त्याने काय काय सांगितलं, ते मला कधीच कळणार नाही. नोंदवहीत नंबर उरलाय, मजकूर नाही. तुमच्यापैकी कोणी असली कामं करत असाल, तर एवढं करा: ऐकणाऱ्याला उठवून लावण्याआधी बोलणाऱ्याला सांगा. तो आत असतो, त्याला बाहेरचं दिसत नाही.

नवा ड्रायव्हर चढवायच्या बटणावर ढापणीचं बोट आहे. कोनाड्यात चिठ्ठी पडली. एकोणतीस पूर्णांक चार. आत एकही अंडं नाही, हा आकडा कोणालाच नको आहे. मी उचलला.