हलतंय ना, मग झालं

मी मज्जारज्जू बोलतोय. पाठीच्या मणक्यांच्या कड्यांमधून ओवलेली जी करंगळीएवढी दोरी असते ना, ती म्हणजे मी. कवटीच्या तळापासून निघतो आणि कमरेच्या वर येऊन संपतो. तीन पदरी आवरण, आत पाण्यासारखा द्रव, बाहेरून हाडांची तटबंदी. एवढा बंदोबस्त राजाला नसेल. पण राजाला निदान लोक ओळखतात. मला आरशात कुणी बघत नाही आणि मी मोडेपर्यंत माझं नावही कुणी घेत नाही.

माझ्यात असंख्य चेतापेशींचा संसार आहे. एकेकीला फांद्या फुटलेलं अंग आणि मागे लांबच लांब शेपूट. काहींचं शेपूट तर कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत पोचतं. काहीजणी कातडीकडून खबर आणतात, काहीजणी स्नायूंना हुकूम नेतात आणि मधल्या ज्या आहेत त्या इकडचं तिकडे करतात. चाळीत असतात तशाच. वर मेंदूसाहेब बसलेले. खबर त्यांच्याकडे पोचवायची, त्यांचा हुकूम खाली आणायचा, अशी माझी नोकरी.

पण संकट आलं की साहेबांना विचारायला वेळ कुणाला असतो? माझा मालक लहान असताना आईच्या तापलेल्या इस्त्रीला त्यानं बोट लावलं. खबर माझ्याकडे आली आणि मी माझ्या अधिकारात हात मागे ओढला. साहेबांना ते नंतर कळलं, मग त्यांनी भोकाड पसरलं. याला पुस्तकात प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. आई मात्र पोराच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "डोकं आहे हो माझ्या लेकाला. पटकन हात काढला." काम माझं आणि शाबासकी डोक्याला. मी तेव्हापासून कडू आहे, हे कबूल करतो.

मालक मोठा होऊन रंगारी झाला. थोरल्या भावाबरोबरच काम करायचा. वडील लवकर गेलेले, त्यामुळे दादानंच त्याला वाढवलेलं आणि ब्रश धरायला शिकवलेलं. दादाचा जीव होता त्याच्यावर. 'छोट्या' म्हणायचा, अजूनही म्हणतो. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

एका शाळेची बाहेरची भिंत रंगवायचं काम चालू होतं. परांचीची एक दोरी सैल राहिली, बांबू फिरला आणि मालक पाठीवर पडला, नेमका विटांच्या ढिगाच्या कडेवर. माझ्या शेजारचा एक मणका मोडून सरकला आणि मला दाबून बसला. दाबलाच फक्त. मी तुटलो नव्हतो, हे नीट ऐकून ठेवा. खबर कशीबशी वर जात होती, हुकूम कसाबसा खाली येत होता.

दादा परांचीवरून सरसर उतरून आला. "छोट्या, पाय हलव बघू."

मालकानं पायाची बोटं हलवली.

"हलतंय ना? मग झालं. चल, ऊठ."

"दादा, पाठीत काहीतरी झालंय रे. जरा पडू दे मला."

"पडून राहिलास तर आखडशील. धरा रे याला."

एकानं काखेत हात घातले, एकानं गुडघ्यांखाली. चादरीची घडी घालावी तसा मालकाला मधोमध दुमडला. टेम्पोत मागं रंगाचे डबे होते, ते कोण उतरवणार? म्हणून पुढच्या सीटवर बसवला. दादानं त्याला छातीशी घट्ट धरलं होतं, अगदी प्रेमानं. टेम्पो पहिल्याच वळणावर वळला आणि तो सरकलेला मणका माझ्या आरपार गेला. इस्पितळात पोचलो तेव्हा मालकाची बोटं हलत नव्हती. दादा डॉक्टरांना सांगत होता, "आत्ता तर हलत होती हो."

मणक्याला पट्ट्या बसवल्या, स्क्रू लावले. माझं काय करणार? मी एकदा तुटलो की शिवता येत नाही. छातीखालचं सगळं मुकं झालं. फिजिओवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "चाकाची खुर्ची घ्या आणि लवकर बसायची सवय लावा. हात शाबूत आहेत त्यांचे."

रंगाच्या दुकानदारानं तर घरी निरोप पाठवला होता, "गिऱ्हाईकाच्या भिंतीशी रंग जुळवायला मला तुझ्यासारखा डोळा पाहिजे. खुर्चीत बसून ये, पण लवकर ये." मालकाचा चेहरा तेव्हा उजळला होता. मालकाची बायको लगेच उंबरठ्याला फळी लावायच्या तयारीला लागली.

आणि तेवढ्यात घोटाळा केला तो मी.

तुटल्यावर काही आठवडे मी सुन्न होतो. मग माझा खालचा तुकडा जागा झाला. साहेबांशी संबंध तुटला होता, पण त्या तुकड्यातल्या चेतापेशी जिवंत होत्या. पायाकडून खबर यायची, त्या आपल्या अधिकारात उत्तर द्यायच्या, आणि आवरायला वर कुणी नसल्यामुळे जरा जास्तच जोरात. दादा तेल लावत असताना पाय ताडकन उडाला.

दादाच्या हातातली वाटी सांडली. तो ढसाढसा रडला. "हलला! अगं, पाय हलला याचा!"

बाईंनी परोपरीनं समजावलं. "ती हालचाल कण्यातून होते, त्यांच्या इच्छेनं नाही. त्यांना विचारा, कळतंय का काही."

"पाय हलतोय ना? मग झालं," दादा म्हणाला. "आता खुर्ची आणली की पाय आळशी होतील. खुर्ची नको."

घरात दादाचा शब्द शेवटचा. बायको दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, दुकानदार किती दिवस थांबेल?" दादानं वाटीत पुन्हा तेल ओतलं. मालकही गप्प राहिला. ज्यानं वाढवलं त्याचा एवढा आनंद कसा मोडायचा, असं त्याला झालं असावं.

मग थंडीचे दिवस आले. दादानं मालकाचे गार पडलेले तळवे शेकायला गरम पाण्याची पिशवी आणली. पिशवी टेकताच मी पाय मागे घेतला. जन्मभर हेच केलंय मी. दादा हरखला. "बघ, गरम कळलं!" त्यानं पिशवीवरचा टॉवेल काढला आणि पुन्हा लावली. पाय पुन्हा मागे. मग शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मग आत्या आली, तिलाही दाखवलं. उडणारा पाय दादानं घोट्यापाशी दाबून धरला, म्हणजे शेक नीट लागेल.

माझा खालचा तुकडा बोंबलत होता. वर जायला वाट नव्हती. मालक उशीला टेकून लोकांकडे बघून कसंनुसं हसत होता आणि त्याचा स्वतःचा तळवा भाजून निघत होता.

बायकोनं रात्री पाय पुसायला घेतला तर कातडी फडक्याला चिकटून आली.

त्या जखमेनं मालकाला पुढं कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवलं. दुकानदारानं वाट पाहिली आणि मग दुसरा माणूस ठेवला. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

मालक दादाला तेव्हा एकदाच स्पष्ट बोलला. "दादा, पाय हलतो. मी हलवत नाही. मला खुर्ची आण."

खुर्ची आली. पलंगावरून खुर्चीत कसं न्यायचं, हे बाई दादाला शिकवत होत्या. "पाठ सरळ ठेवायची. दुमडायचं नाही. आणि कणा नुकताच मोडलेल्या माणसाला तर जागचं हलवायचंच नाही, पाठीखाली घालायची फळी येईपर्यंत."

दादाचे हात थांबले. मग खाली मान घालून तो म्हणाला, "बाई, त्या दिवशी आम्ही याला उचलला... तेव्हा याची बोटं हलत होती."

बाईंनी नजर दुसरीकडे वळवली. बायको पदराचं टोक पिळत उभी राहिली.

"नव्हती हलत," मालक म्हणाला. "मी उगाच तसं दाखवलं, तू घाबरू नयेस म्हणून. पडलो तेव्हाच सगळं गेलं होतं दादा."

खोटं आहे हे. धडधडीत खोटं. तो हुकूम माझ्यातून खाली गेला होता, शेवटचा हुकूम, मी स्वतः पोचवला होता. मी एकटा साक्षीदार आणि मला तोंड नाही. दादाचा चेहरा सैल झाला. त्यानं मालकाला हळूच उचललं, पाठ सरळ ठेवून, अगदी शिकवल्याप्रमाणे. किती छान जमलं त्याला.

माझं एवढंच मागणं आहे. कुणी पडलं, तर तुमचं प्रेम जरा बाजूला ठेवा आणि त्याला पडल्या जागी पडू द्या.

दादा आता रोज पायांना तेल लावतो. पाय उडतोच. दादा पूर्वीसारखा कुणाला हाक मारत नाही. नुसता पाय धरून ठेवतो, थांबेपर्यंत.